मानेच्या वरच्या मणक्यांचे अस्थिभंग : वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

फोनवरून कुणी "पेशंटचा टाइप टू आहे" एवढंच सांगितलं, तर त्याला फोन ठेवू देऊ नका. कुठल्या हाडाचा आणि कुणाच्या वर्गीकरणातला टाइप टू, ते आधी विचारून घ्या. मानेच्या वरच्या टोकाला कवटीचा तळ, पहिला मणका आणि दुसरा मणका एवढीच हाडं, पण त्यांच्या वर्गीकरणांत अर्धा डझन तरी 'टाइप टू' आहेत. त्यातला एक कॉलरवर निमूट बरा होतो, दुसरा ऐंशीच्या आजोबांना वर्षभर छळतो.

तालुक्याच्या इस्पितळात, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगी ठिकाणी ट्रॉमाच्या कामाला नुकत्याच लागलेल्या नर्सेस, इंटर्न आणि फिजिओथेरपीची मुलं यांच्यासाठी हे लिहिलं आहे. घरात असा रुग्ण असेल तर नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही. मात्र उपचार ठरवायचा तो तज्ज्ञानंच. लेख वाचून कुणी कॉलर काढून ठेवू नये.

आधी रचना डोक्यात बसवा

पहिला मणका, म्हणजे अ‍ॅटलास, मणक्यासारखा दिसतच नाही. खालच्या मणक्यांना पुढे असतो तसा जाड भाग याला नाही. पुढे एक कमान, मागे एक कमान आणि दोन बाजूंना दोन भक्कम ठोकळे, असं हे कडं आहे. ठोकळ्यांना लॅटरल मास म्हणतात आणि कवटी त्यांच्यावर टेकते. दुसरा मणका अ‍ॅक्सिस. त्याच्या अंगातून वर एक सुळका निघतो, तो ओडोंटॉइड. वॉर्डात त्याला 'डेन्स' किंवा 'पेग' म्हणतात. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरावी, तसं पहिल्या मणक्याचं कडं या पेगभोवती फिरतं. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं निम्म्याच्या आसपास वळण या एकाच सांध्यात होतं.

पेगला पुढच्या कमानीशी टेकवून ठेवणारा आडवा पट्टा म्हणजे ट्रान्सव्हर्स लिगामेंट. पेगच्या टोकाकडून दोन बाजूंनी कवटीकडे जाणारे दोन दोर म्हणजे एलार लिगामेंट्स. कवटी आणि पहिला मणका, तसंच पहिला आणि दुसरा मणका यांच्यामध्ये चकती नाही, त्यामुळे इथली सगळी भिस्त या बंधांवर. हाड जुळून येतं. मधोमध तुटलेलं ट्रान्सव्हर्स लिगामेंट मात्र कॉलर बांधून जुळत नाही. पुढे येणारी नावं आणि आकडे पाठ झाले नाहीत तरी चालेल. मोडलं कुठे, बंध शाबूत आहेत का आणि हाड जागचं हललंय का, हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. एकूणएक वर्गीकरणं या तीन प्रश्नांचीच उत्तरं वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडतात.

पहिल्या मणक्याच्या कड्यात ढोबळमानाने एक तृतीयांश जागा पेगची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश मोकळी. ती मोकळी जागा आहे म्हणून हाड मोडूनही माणूस हातपाय हलवत, कधी कधी तर स्वतः चालत कॅज्युअल्टीत येतो. "चालतोय म्हणजे मानेला काही नाही" हे वाक्य इथे बाद समजा. उलट, इतक्या वरच्या पातळीवर मज्जारज्जूच दबला तर श्वासच थांबतो, आणि असे रुग्ण बऱ्याचदा इस्पितळापर्यंत पोचतच नाहीत.

पायरी पहिली : मान धरा

गोव्यात ही दुखापत कुठून येते ते एकदा बघून ठेवा, म्हणजे संशय वेळेवर येतो. हायवेवरचे दुचाकी अपघात आणि पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलेला प्रवासी हे तर आहेतच. माडावरून पडलेला पाडेली (नारळ पाडणारा) किंवा रेंदेर (माडी काढणारा) आहे. पावसाळ्यात चिऱ्यांच्या जुन्या खाणी पाण्यानं भरतात आणि तळ दिसत नसताना पोरं त्यात सूर मारतात. २४ जूनला सांजांवच्या सणाला विहिरीत, ओढ्यात उड्या पडतात. पाय आधी गेले तर ठीक, डोकं आधी गेलं आणि पाणी कमी असलं तर सगळा भार कवटीवरून थेट पहिल्या मणक्यावर येतो. समुद्रात लाटेनं उचलून वाळूवर डोक्यावर आपटलेले पर्यटकही येतात.

जागेवर करायचं काम थोडकंच. १०८ ला फोन करा. डोकं दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरा. रुग्णाला उचलून रिक्षात किंवा गाडीच्या मागच्या सीटवर कोंबू नका. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेटला हात लावू नका. काढायचंच झालं तर दोघं लागतात, एकानं खालून मान आणि जबडा धरायचा आणि दुसऱ्यानं हेल्मेट ओढायचं. रुग्ण पाण्यात असेल तर उताणा करून तरंगत ठेवा आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना हाक मारा.

एक गोष्ट पुस्तकात असते, पण घाईत विसरली जाते. पाठीला पोक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला सपाट फळीवर दाबून झोपवू नका. त्याचं डोकं मागे लटकतं आणि मोडलेला पेग मागे सरकायला तेवढं पुरेसं असतं. डोक्याखाली दुमडलेली चादर घाला, मान त्याच्या नेहमीच्या बाकात राहू द्या. कॉलर बसवताना अडखळलं किंवा दुखायला लागलं तर जोर करू नका. दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या आणि कपाळावर चिकटपट्टी, एवढ्यावर भागवा. कूस बदलायची ती लॉग-रोलनं, म्हणजे डोकं आणि धड एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं वळवून, आणि डोकं धरणाऱ्याच्या हुकमानं. "एक, दोन, तीन" तोच म्हणणार, पायाकडचा माणूस नाही.

पायरी दुसरी : सीटी कुणाचा

शुद्धीवर असलेल्या रुग्णासाठी दोन नियम चालतात. २००० साली आलेला नेक्सस सांगतो की पाच गोष्टी नसतील तर मानेचा फोटो (एक्सरे किंवा सीटी) नको: मानेच्या मधोमध दाबल्यावर दुखणं, नशा, शुद्ध कमी असणं, मज्जासंस्थेचं नवं लक्षण आणि लक्ष दुसरीकडे वेधणारी मोठी वेदनादायक दुखापत. २००१ चा कॅनेडियन सी-स्पाइन नियम उलट्या बाजूनं येतो: वय ६५ किंवा जास्त असेल, अपघात धोकादायक प्रकारचा असेल (तीन फूट किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर सूर मारणं, गाडी उलटणं) किंवा हातापायाला मुंग्या असतील तर थेट फोटो. यातलं काही नसेल आणि बाकीची लक्षणंही सौम्य असतील, तरच रुग्णाला स्वतःहून मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळवायला सांगायचं. आपण वळवायची नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना हा नियम लागू नाही.

माझ्या मते गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे घराघरात वयस्क आईवडील आणि मुलं मुंबईला नाहीतर परदेशात, तिथे या दोन नियमांतलं एकच वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं: ६५ च्या वर, पडले, मान दुखते, सीटी करा. दाब देऊन बघून "फारसं दुखत नाही" म्हणण्यावर वयस्कांत विसंबता येत नाही.

कारण म्हाताऱ्यांची ही मोडतोड नाटकी नसते. जूनमध्ये आंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. तुळशीपाशी दिवा लावून परतताना किंवा पहाटे न्हाणीत जाताना पाय घसरतो, माणूस पुढे पडतो, कपाळ किंवा हनुवटी आपटते आणि मान झटक्यात मागे जाते. झालं. पेगच्या बुडाशी भेग. सत्तरीच्या पुढे मानेच्या मणक्यांत सगळ्यात जास्त मोडणारी जागा हीच. कपाळावर टाके पडतात, सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे, आणि आजी म्हणते, "कांय ना रे, मात्शी मान दुखता." सगळी माहिती त्या वाक्यात आहे. चार दिवस मलम चोळून झालं की घरचे आणतात.

अशा आजीला पलंगावरून उठताना नीट बघा. ती आधी दोन्ही हात डोक्याला नेते, एक हात मागे आणि एक हनुवटीखाली, डोकं उचलून धरते आणि मगच अंग उचलते. आडवं होतानाही तसंच. या खुणेला रस्टची खूण म्हणतात. कुठल्याही एक्सरेआधी ही खूण दिसते, आणि ती बहुधा नर्सला किंवा मावशींना दिसते, डॉक्टरला नाही. दिसली की सांगा.

पायरी तिसरी : सीटीवर नेमकं कुठे बघायचं

साध्या एक्सरेत तोंड उघडून घेतलेला फोटो पूर्वी आधाराचा होता. त्यात पुढच्या दातांची किंवा कवटीच्या कडेची सावली पेगवर आडवी पडते आणि मोडल्यासारखं दिसतं. आता बारीक कापांचा सीटी हीच पहिली तपासणी.

पण सीटीतही एक सापळा आहे. पेगची भेग बऱ्याचदा आडवी असते, आणि आडवे काप तिला समांतर जातात. दोन कापांच्या मधे भेग लपते. म्हणून बाजूचे आणि समोरचे, म्हणजे सॅजिटल आणि कोरोनल, असे दोन्ही काप उघडल्याशिवाय "पेग ठीक" म्हणायचं नाही. सॅजिटलच्या मधल्या कापावर पुढची कमान आणि पेग यांच्यातलं अंतर बघा: मोठ्यांत ३ मिलिमीटरपर्यंत आणि मुलांत ५ पर्यंत चालतं. त्यापुढे गेलं तर ट्रान्सव्हर्स लिगामेंटवर शंका घ्या. कोरोनलवर कवटी आणि पहिल्या मणक्याचे सांधे दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, आणि पहिल्या मणक्याचे ठोकळे दुसऱ्याच्या कडेबाहेर लोंबत नाहीत ना, ते बघा.

मोडल्याचा भास देणाऱ्या जन्मजात गोष्टीही आहेत. पहिल्या मणक्याची मागची कमान काहींत जन्मतःच मधोमध जुळलेली नसते. पेगचा वरचा तुकडा सुटा असतो, त्याला ओस ओडोंटॉइडियम म्हणतात. दोन्हींत कडा गोल, गुळगुळीत आणि पांढऱ्या काठाच्या असतात. ताज्या मोडीत त्या धारदार, ओबडधोबड असतात. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलात पेगच्या बुडाशी वाढीची कूर्चा असते, तीही भेगेसारखी दिसते.

एक मोड सापडली की थांबू नका. पहिला मणका मोडलेल्यांत दुसराही मोडलेला पुष्कळदा सापडतो. आणि मोड या तीन पातळ्यांवर असेल, विशेषतः भेग व्हर्टिब्रल रक्तवाहिनीच्या (मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या) भोकात शिरली असेल, तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी, करायची का ते वरिष्ठांना विचारा.

पायरी चौथी : वरून खाली, एकेक हाड

कवटीच्या तळाचे उंचवटे, म्हणजे ऑक्सिपिटल काँडाइल. अँडरसन आणि माँटेसानो यांचं १९८८ चं वर्गीकरण. टाइप १ दाबानं चुरा झालेला, टाइप २ कवटीच्या तळाची भेग इथपर्यंत उतरलेली, टाइप ३ एलार लिगामेंटनं हाडाचा तुकडा ओढून काढलेला. काळजीचा तिसरा, कारण त्यात बंध सुटलेला असतो. जिभेच्या नसेला मार लागला तर जीभ बाहेर काढताना दुखापतीच्या बाजूला वळते. पहिल्या दिवशी जीभ बाहेर काढायला सांगायला पैसे पडत नाहीत.

कवटी आणि पहिला मणका यांचा सांधाच निखळला तर ते सगळ्यात वाईट. मुलांत हे जास्त दिसतं. ट्रेनेलिसचे प्रकार दिशेवरून आहेत: कवटी पुढे, वर किंवा मागे गेलेली. लक्षात ठेवायचं एवढंच की वर ताणल्या गेलेल्या प्रकारात ट्रॅक्शन (वजन लावून डोकं ताणणं) लावायचं नाही. बंध तुटलेलेच आहेत, वजन लावून तुम्ही मज्जारज्जू ताणाल.

पहिला मणका. जेफ्री जेफरसन या ब्रिटिश मेंदूशल्यतज्ज्ञानं १९२० मध्ये याची मांडणी केली, म्हणून पुढची आणि मागची अशा दोन्ही कमानी फुटलेल्या मोडीला जेफरसन फ्रॅक्चर म्हणतात. डोक्यावरून भार आला की कडं चारी दिशांना फाकतं. फाकल्यामुळे आतली जागा वाढते, म्हणून लकव्याचं प्रमाण कमी. गेहवायलरच्या पद्धतीत पाच प्रकार: १ फक्त पुढची कमान, २ फक्त मागची, ३ दोन्ही, ४ ठोकळा, ५ बाजूचा काटा. मागची एकटी कमान आणि बाजूचा काटा बहुतेक वेळा कॉलरवर निभावतात. खरी चर्चा तिसऱ्याची, आणि तीही हाडाबद्दल नाही: ट्रान्सव्हर्स लिगामेंट तुटलं का?

जुना अंदाज असा: दोन्ही ठोकळे बाहेर किती लोंबतात त्यांची बेरीज करा, ६.९ मिलिमीटरच्या वर गेली तर लिगामेंट तुटलं समजा. हा स्पेन्सचा १९७० चा नियम. बेरीज कमी असूनही बंध तुटलेला निघतो, म्हणून आज एमआरआयवर बंध प्रत्यक्ष बघतात. डिकमनचे दोन प्रकार इथेच कामाला येतात. टाइप १ मध्ये बंध स्वतः तुटलेला, टाइप २ मध्ये बंध अखंड पण तो जिथे रुततो तो हाडाचा तुकडा सुटलेला. दुसऱ्यात हाडाला हाड जुळायची आशा असते, म्हणून हॅलोवर (कवटीला पिनांनी बसवलेलं कडं, त्याबद्दल पुढे) थांबून बघता येतं. पहिल्यात थांबून काही मिळत नाही.

दुसरा मणका : इथे वेळ द्या

अँडरसन आणि डी'अलोन्झो यांनी १९७४ मध्ये पेगच्या मोडी तीन प्रकारांत मांडल्या. (काँडाइलवाले अँडरसन वेगळे, हे वेगळे.) टाइप १ म्हणजे टोकाचा तुकडा. दुर्मीळ आणि दिसायला किरकोळ, पण तो तुकडा एलार लिगामेंटनं ओढलेला असतो, तेव्हा कवटीचा सांधा ठीक आहे ना ते बघितल्याशिवाय सोडू नका. टाइप ३ मध्ये भेग पेगच्या बुडाखाली मणक्याच्या अंगात उतरते. तिथलं हाड जाळीदार, रक्तपुरवठा चांगला, पृष्ठभाग मोठा. आधार दिला की बहुतेक जुळतं.

मधला टाइप २ सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात जास्त रडवतो. पेगच्या कमरेशी, जिथे हाड अरुंद आणि कडक, तिथे तो मोडतो. जुळण्याची शक्यता कशानं घटते ते लक्षात घ्या: वय पन्नाशीच्या पुढे, तुकडा ५ मिलिमीटरहून जास्त सरकलेला, १० अंशांहून जास्त कललेला, मागच्या बाजूला गेलेला, बुडाशी चुरा झालेला, निदान उशिरा झालेलं आणि धूम्रपान. हँडओव्हर लिहिताना "टाइप २" इतकंच न लिहिता "टाइप २, अँडरसन–डी'अलोन्झो, ६ मिमी मागे, वय ७८, विडी ओढतात" असं लिहा. त्या एका ओळीवरून सर्जनला अर्धा निर्णय दिसतो.

ग्राउअर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच टाइप २ चे उपचाराच्या नजरेनं तीन भाग केले. २-ए न सरकलेला, त्याला बाहेरचा आधार. २-बी मध्ये भेग पुढे वरच्या अंगाला सुरू होऊन मागे खाली उतरते, किंवा आडवी पण सरकलेली असते. यात समोरून एक स्क्रू खालून वर पेगमध्ये घालता येतो आणि मानेचं वळण वाचतं. २-सी मध्ये उतार उलटा, पुढे खाली आणि मागे वर. इथे स्क्रू आवळला की तुकडा भेगेवरून घसरतो, म्हणून मागून शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आता घोळ ऐका. हॅडली यांनी १९८८ मध्ये 'टाइप २-ए' हे नाव बुडाशी चुरा झालेल्या, अस्थिर मोडीला दिलं होतं. ग्राउअर यांचा २-ए त्याच्या बरोबर उलट, न सरकलेला. आणि थोड्या वेळानं येणाऱ्या हँगमनच्या वर्गीकरणात तिसराच २-ए आहे, ज्याला ट्रॅक्शन लावणं घातक. एकाच मणक्याचे तीन '२-ए', तिघांचं वागणं वेगळं. कुणाचं वर्गीकरण ते लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका, असं मी सारखं बजावतो ते यासाठी.

हँगमन फ्रॅक्चर हे नाव श्नायडर यांनी १९६५ मध्ये दिलं. फाशीत मान कशी मोडते याचं वर्णन वुड-जोन्स यांनी १९१३ मध्येच केलं होतं. आज हे रुग्ण फासावरून नव्हे तर रस्त्यावरून येतात. दुचाकीवरून फेकला जाऊन तोंडावर आपटलेला, किंवा सीटबेल्ट न लावता डॅशबोर्डवर हनुवटी आपटलेला. दुसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंची पार्स नावाची पट्टी मोडते आणि पुढचा भाग मागच्यापासून सुटतो. इथेही पोकळी रुंदावते, म्हणून हातपाय बहुधा शाबूत.

इफेंडी यांच्या १९८१ च्या मांडणीवर लेव्हाइन आणि एडवर्ड्स यांनी १९८५ मध्ये सुधारणा केली, तीच आज चालते. टाइप १: सरकणं ३ मिलिमीटरहून कमी, कल नाही, कॉलर. टाइप २: ३ मिलिमीटरच्या वर सरकलेला आणि कललेला, बहुधा जागेवर आणून हॅलो. टाइप २-ए: सरकणं नगण्य, पण कल खूप. हा पुढे वाकताना ताणून मोडलेला असतो, आणि वजन लावलं की चकतीची फट उघडते. फोटोत टाइप २ सारखाच वाटतो, म्हणून ट्रॅक्शन लावायच्या आधी दोनदा बघायचं आणि लावल्यावर लगेच एक्सरे काढायचा. टाइप ३: सोबत फॅसेट सांधेही (मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे) निखळलेले, शस्त्रक्रिया.

पायरी पाचवी : एओ स्पाइनची भाषा

इतक्या नावांच्या गर्दीला कंटाळून एओ स्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सगळ्या वरच्या मानेसाठी एकच सूत्र केलं. रोमन आकडा जागा सांगतो: एक म्हणजे काँडाइल आणि त्याचा सांधा, दोन म्हणजे पहिला मणका आणि त्याखालचा सांधा, तीन म्हणजे दुसरा मणका आणि त्याखालचा सांधा. अक्षर दुखापत सांगतं: ए म्हणजे नुसतं हाड, बी म्हणजे बंधांची दुखापत पण हाडं जागच्या जागी, सी म्हणजे एक हाड दुसऱ्यावरून कुठल्याही दिशेला सरकलेलं. पुढे मज्जासंस्थेची स्थिती 'एन': एन-० ठीक, एन-१ लक्षणं येऊन गेलेली, एन-२ नसेच्या मुळाची, एन-३ अपुरा आणि एन-४ पूर्ण लकवा, तपासता येत नसेल तर एन-एक्स. शेवटी 'एम': एम-१ न जुळण्याचा धोका, एम-२ अस्थिर होण्याची शक्यता, एम-३ रुग्णाच्या स्वतःच्या अडचणी, एम-४ रक्तवाहिनीला मार.

आपले तीन प्रश्नच यात नीट रांगेत बसवले आहेत, म्हणून नवख्यानं सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. जुनी नावं टाळता येणार नाहीत, कारण सर्जन बोलताना अजून तीच वापरतात.

पायरी सहावी : आधार दिल्यानंतरचे महिने

मऊ स्पंजची कॉलर या मोडींसाठी कामाची नाही. फिलाडेल्फियासारखी कडक लागते, साधारण ८ ते १२ आठवडे. आपल्या दमट हवेत हनुवटीखाली आणि मागे केसांच्या रेषेपाशी घाम साचतो आणि कातडी सोलते. रुग्ण उताणा, डोकं एकानं धरलेलं, कॉलरचा पुढचा भाग काढून कातडी पुसून कोरडी करायची, मग बाजूवर वळवून मागचा. पावडर भरू नका, तिचा चिखल होतो. जादा पॅडचा जोड असेल तर एक धुवायला आणि एक अंगावर.

हॅलो वेस्ट पेरी आणि निकेल यांनी १९५९ मध्ये पोलिओच्या रुग्णांसाठी वापरात आणलं. डोक्याभोवती कडं, कवटीत चार पिना, छातीवर जाकीट. पुढच्या पिना भुवईच्या बाहेरच्या भागाच्या वर बोटभर. पिना बसवल्यावर एक-दोन दिवसांनी डॉक्टर त्या पुन्हा एकदा आवळून बघतात. रोज पिनेभोवतीची जागा स्वच्छ करा, लाली, पू किंवा कटकट आवाज येतो का ते बघा. "पीन सैल वाटते" असं रुग्ण म्हणाला तर तसंच लिहून घ्या आणि कळवा. जाकीट उघडायचा पाना जाकिटाच्या पुढच्या बाजूलाच चिकटपट्टीनं डकवलेला हवा. हृदय बंद पडलं तर छाती दाबायला पुढचं कवच काढावं लागतं, आणि त्या क्षणी पाना नर्सिंग स्टेशनच्या खणात असून उपयोग नाही. ड्यूटी घेताना रक्तदाबाबरोबर पानाही तपासा.

वयस्कांना हॅलो मानवत नाही. गिळताना ठसका, न्यूमोनिया, तोल जाऊन पुन्हा पडणं असं सगळं वाढतं. म्हणून बऱ्याच आजी-आजोबांना कडक कॉलरच देतात, आणि पेग हाडानं न जुळता तंतूंनी घट्ट धरला गेला तरी, तो हलत नसेल तर, ते पुरेसं मानलं जातं. नातेवाईक विचारतात, "जुळलं नाही तर मग बरं कसं?" त्यांना हेच समजावून सांगा: मान वाकवून काढलेल्या एक्सरेत तुकडा हलत नाही आणि हातापायांत नवं लक्षण नाही, तर चाललंय ते ठीक.

शस्त्रक्रियेत पहिला आणि दुसरा मणका मागून जोडण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिच्या मुळाशी मुंबईच्या केईएममधलं काम आहे. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये पहिल्या मणक्याच्या ठोकळ्यात आणि दुसऱ्यात स्क्रू घालून पट्टीनं जोडायची रीत प्रसिद्ध केली. २००१ मध्ये हार्म्स आणि मेल्चर यांनी त्यात फिरत्या टोकाचे स्क्रू आणि सळ्या आणल्या. म्हणून नोंदीत 'गोयल–हार्म्स' दिसेल. या जोडणीनंतर मानेचं वळण निम्म्याच्या आसपास जातं, हे घरी जाण्याआधी रुग्णाला स्वच्छ सांगा. आपल्याकडे प्रश्न येतोच, "स्कूटर कधी?" सर्जननं परवानगी दिल्याशिवाय नाही, आणि दिल्यावरही दोन्ही आरसे लावूनच; मागे वळून बघता येणार नाही, वळायचं असेल तर खांदेच वळवावे लागतील.

फिजिओच्या मुलांनी पहिल्या दिवसापासून श्वासाचे व्यायाम, हातापायांची हालचाल आणि आधारासह उभं राहणं सुरू करावं. मानेचे व्यायाम मात्र लेखी परवानगी आल्यावरच. "हलकेच फिरवून बघूया" हे वाक्य या वॉर्डात उच्चारायचं नाही.

डिस्चार्जच्या कागदावर तीन ओळी मराठीत हातानं लिहून द्या: हातापायांत नव्यानं मुंग्या किंवा अशक्तपणा, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, पिनेतून पू. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं, आणि येताना स्वतःची गाडी नको, १०८.